चाक रुतते कुठे आणि टायर झिजतो कुठे?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठी शहागड आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, आताचा ५२) इथेच गोदावरी पार करतो. चाकांचा अभ्यास करायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. थोड्याशा परिसरात चार प्रकारची जमीन आहे: महामार्गाचे डांबर, शेतातली काळी माती, नदीकाठची वाळू आणि शिवाररस्त्यांवरचा मुरूम व खडी. या चारही जमिनींवरून बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीप अशी वाहने ये-जा करतात. ऊसतोडीच्या हंगामात तर एकच ट्रॅक्टर एका दिवसात या चारही जमिनी तुडवतो.

रुतलेले वाहन काढताना लोक काय करतात ते आठवून पाहा. काही जण ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला उभे राहून चाकांवर वजन देतात. त्याने कधी ट्रॅक्टर निघतो, तर कधी अधिकच खोल जातो. काही अनुभवी चालक चाकातली हवा थोडी सोडतात. त्याचा उपयोग मात्र बहुधा वाळूत होतो आणि चिखलातही होतो. असे का व्हावे? शिवाय, जो टायर शेतात वर्षानुवर्षे टिकतो, तोच डांबरी रस्त्यावर भराभर का झिजतो? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत. ती समजायला शालेय विज्ञानातला दाब आणि घर्षण एवढे पुरते.

चाक जमिनीला किती जागेवर टेकते?

वर्तुळ आणि सरळ रेषा एकाच बिंदूत स्पर्श करतात, हे भूमितीत शिकवतो. खरे चाक मात्र बिंदूवर टेकू शकत नाही, कारण बिंदूचे क्षेत्रफळ शून्य आणि म्हणून दाब अनंत होईल. कोणीतरी वाकायलाच हवे. एक तर चाक चपटे होईल, नाही तर जमीन दबेल.

लाकडी बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव वाकत नाही. त्यामुळे जमीनच दबते. पाऊण टन भार असलेले, ५ सेंमी रुंदीच्या धावेचे चाक कठीण रस्त्यावर ३ सेंमी लांबीभर टेकले, तर क्षेत्रफळ १५ चौ. सेंमी होते. म्हणजे दर चौ. सेंमी.ला ५० किलो दाब. एवढा दाब ओली माती पेलू शकत नाही. चाक खाली जाते, खाली जाताना त्याची टेकण्याची जागा वाढते, आणि पुरेशी जागा मिळाली की ते थांबते. रुतणे म्हणजे दुसरे काही नाही. चाकाने आपल्यासाठी पुरेशी जागा शोधणे होय. या शोधात तयार होणारी दोन समांतर घळी म्हणजे चाकोरी. 'चाकोरीबद्ध' हा शब्द आपण माणसांना लावतो, पण तो आला आहे या चाकाच्या वाटेवरून.

हवेचा टायर उलट वागतो. तो स्वतः चपटा होतो. टायरच्या कडांचा कडकपणा थोडा वेळ विसरलो, तर जमिनीवरचा दाब हा टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. पंक्चरच्या दुकानात हवा 'पौंडा'त मोजतात. १४ पौंड हवा म्हणजे दर चौ. सेंमी.ला साधारण १ किलो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये एवढी हवा असेल आणि चाकावर ८०० किलो भार असेल, तर टायर ८०० चौ. सेंमी जागेवर टेकेल. हे क्षेत्रफळ साधारण २० सेंमी गुणिले ४० सेंमी आहे. हवा कमी केली की टेकण्याची जागा वाढते. भार तोच राहतो, पण जमिनीला तो हलका वाटतो.

हवेचे चाक स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये पेटंट केले होते. ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी ते पुन्हा शोधले. ट्रॅक्टरपर्यंत ते पोहोचायला मात्र १९३२ साल उजाडले. त्याआधी ट्रॅक्टरला दाते असलेली लोखंडी चाके असत. आपल्याकडे टायर बैलगाडीला लागले आणि ऊसतोड कामगारांच्या बोलीत 'टायर' हे त्या गाडीचेच नाव होऊन बसले.

मोठे चाक की छोटे चाक?

जुन्या बैलगाडीचे चाक एवढे उंच का असे? अडथळा ओलांडायला. चाकाची त्रिज्या r, दगडाची उंची h आणि चाकावरचा भार W असेल, तर चाक दगडावर चढवण्यासाठी आसाला लावावी लागणारी आडवी ओढ अशी येते:

ओढ = W × √(२rh − h²) ÷ (r − h)

आघूर्णाच्या नियमावरून वरच्या वर्गातील विद्यार्थी हे सूत्र स्वतः काढू शकतील. दगड १० सेंमी उंच धरू. ७५ सेंमी त्रिज्येच्या चाकाला भाराच्या ०.५८ पट ओढ लागते, तर ३५ सेंमी त्रिज्येच्या चाकाला ०.९८ पट. म्हणजे छोट्या चाकाला जवळजवळ भाराएवढीच ओढ लागते. हवेचे चाक दगडावर आदळले की तो दगड काही अंशी टायरच्या पोटात शिरतो, आस तेवढा वर उचलावा लागत नाही. त्यामुळे टायरच्या गाडीचे चाक लहान असूनही चालते. पण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाने दोन्ही गुण घेतले आहेत: ते उंच आहे आणि हवेचेही आहे.

मऊ जमिनीत उंच चाकाचा आणखी एक फायदा आहे. चाकाला पुढे जाताना समोरची माती दाबावी लागते. ही दाबायची माती चाकाच्या रुंदीप्रमाणे वाढते. म्हणून टेकण्याची जागा वाढवायचीच असेल, तर ती रुंदीपेक्षा लांबीत वाढवलेली बरी. उंच चाक किंवा कमी हवेचे चाक हेच करते. जमिनीवर उमटणारा त्याचा ठसा लांबट होतो.

वाळू आणि काळी माती

चाक पुढे जाते ते जमिनीला मागे ढकलून. जमिनीने हा ढकला पेलला नाही, तर चाक जागीच फिरते. मग जमीन तो पेलते कशाच्या जोरावर? फ्रेंच अभियंते कूलोम यांनी १७७३ मध्ये याचे उत्तर दिले. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपल्याला परिचित असलेले तेच हे कूलोम. मातीचा एक थर दुसऱ्यावरून सरकू नये म्हणून दोन गोष्टी काम करतात. एक, कणांना एकमेकांशी धरून ठेवणारा चिकटपणा. दोन, कणांमधले घर्षण. चिकटपणाचा जोर टेकण्याच्या जागेवर अवलंबून असतो. घर्षणाचा जोर वरच्या भारावर अवलंबून असतो.

कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ नसतो, सगळे काम घर्षण करते. पावसाने पूर्ण भिजलेल्या काळ्या मातीत उलट स्थिती असते. तिच्यातले चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात आणि पाणी इतके धरून ठेवतात, की अचानक आलेला भार कणांऐवजी पाण्यावर पडतो. त्यामुळे घर्षणाला वाव मिळत नाही, उरतो तो फक्त चिकटपणा. दोन्ही टोकांच्या मध्ये असते ती 'वापशा'ची माती. तिच्यात दोन्ही जोर एकत्र मिळतात. वापसा आल्याशिवाय औत घालू नये हे शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, त्याला यंत्राच्या बाजूनेही आधार आहे.

आता एक सोपे गणित करू. आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. ओल्या काळ्या मातीचा चिकटपणा दर चौ. सेंमी.ला ०.१५ किलो धरा. वाळूचा घर्षणगुणांक ०.५८ धरा. मऊ जमिनीत चाकाला होणारा रोध भाराच्या ०.२ पट धरा. चाकावर ८०० किलो भार आणि १४ पौंड हवा आहे.

काळ्या मातीत पकड मिळते ८०० × ०.१५ = १२० किलो. रोध आहे ८०० × ०.२ = १६० किलो. ४० किलोची तूट येते आणि चाक रुतते. आता त्याच चाकावर आणखी २०० किलो भार दिला. टायर थोडा अधिक चपटा होईल, जागा १,००० चौ. सेंमी होईल, पकड १५० किलो होईल. पण रोध २०० किलो होईल. तूट ४० वरून ५० किलोवर गेली. वजन देऊन काम बिघडले. वजन न देता हवा ११ पौंडांच्या आसपास आणली असती, तर जागा तेवढीच, म्हणजे १,००० चौ. सेंमी झाली असती आणि पकडही १५० किलोच मिळाली असती. रोध मात्र १६० किलोच्या वर गेला नसता, उलट चाक कमी बुडाल्याने घटला असता.

वाळूत हेच २०० किलो वजन दिले तर पकड ११६ किलोंनी वाढते आणि रोध फक्त ४० किलोंनी. इथे वजन देणे फायद्याचे ठरले. एकच उपाय एका जमिनीत तारतो आणि दुसऱ्या जमिनीत बुडवतो, त्याचे कारण हे आहे. वाळूत हवा सोडल्याने पकड फारशी वाढत नाही, पण चाक कमी बुडते आणि रोध घटतो. म्हणून हवा सोडण्याचा उपाय दोन्हीकडे लागू पडतो, पण दोन वेगळ्या कारणांनी.

वाळूतली ही युक्ती १९२० आणि १९३० च्या दशकांत ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेताना पद्धतशीरपणे वापरली. वाळूच्या हालचालीचे शास्त्र पुढे त्यांनीच उभे केले.

मग वाळूत ट्रॅक्टर अडकतो का? बहुतेक वेळा ट्रॅक्टर अडकत नाही, त्याच्या मागची ट्रॉली अडकते. ट्रॉलीची चाके स्वतः ओढत नाहीत, फक्त रोध करतात. त्यांचे टायर लहान असतात आणि त्यांत हवा ठासून भरलेली असते. एका चाकावर २ टन भार आणि ५७ पौंड, म्हणजे ४ किलो दाबाची हवा असेल, तर ते चाक फक्त ५०० चौ. सेंमी जागेवर टेकते. ओली माती चिकटपणाच्या साधारण पाचपट दाब पेलते. आपल्या उदाहरणात हा दाब दर चौ. सेंमी.ला पाऊण किलो येतो. ४ किलोचा दाब तिने पेलायचा कसा? ट्रॉली सोडून ट्रॅक्टर आधी कठीण जमिनीवर आणणे आणि मग लांब साखळीने ट्रॉली ओढणे, या नेहमीच्या पद्धतीत हेच शहाणपण आहे.

रुतल्यावर इंजिनाचा जोर वाढवून चाक गरागरा फिरवणे हा सगळ्यात वाईट उपाय. मातीचा थर एकदा फाटला, की त्याचा विरोध कमी होतो आणि चाक स्वतःची कबर स्वतःच खणते.

टायरचे दात

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर उभार दात असतात. नव्या टायरवर ते सव्वा-दीड इंच उंच असतात. मऊ मातीत ते आत शिरतात. मग टायरच्या रबराची पकड नव्हे, तर दोन दातांमध्ये अडकलेल्या मातीची ताकद कामी येते.

हे दात तिरपे, बाणासारखे का असतात? बाणाचे टोक आधी जमिनीला लागते आणि त्याच्या दोन बाजू नंतर. त्यामुळे दातांतली माती मधून बाहेर दोन्ही कडांकडे ढकलली जाते आणि टायर साफ होत राहतो. टायर उलटा बसवला तर माती आत ढकलली जाते, दातांमधली जागा भरून जाते आणि महागडा टायर गुळगुळीत गोळा होऊन फिरतो. ओली काळी माती या बाबतीत फार त्रासदायक. ती दातांत बसली की सहज निघत नाही. दातांमध्ये जागा जास्त आणि टायर थोडा लवचीक असेल, तर प्रत्येक फेरीत टायर वाकताना ती सुटून पडते. हवा ठासून भरलेला टायर वाकतच नाही, म्हणून तो लवकर भरतो.

चिखलासाठी असलेल्या जीपच्या टायरवर मोठे, विरळ दात असतात. डांबरासाठीच्या टायरवर बारीक, दाट नक्षी असते. डांबरावर जास्तीत जास्त रबर टेकलेले हवे, चिखलात जास्तीत जास्त मोकळी जागा हवी. दोन्ही गोष्टी एकाच टायरला पूर्णपणे जमत नाहीत. म्हणून टायर निवडताना पहिला प्रश्न 'कोणता टायर चांगला' हा नसून 'माझे वाहन कोणत्या जमिनीवर जास्त चालते' हा आहे.

पृथ्वीवरच नव्हे, चंद्रावरही हाच प्रश्न आला. मातीवर चालणाऱ्या वाहनांचे शास्त्र मांडणारे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते बेकर यांचा १९७१ मध्ये अपोलो-१५ बरोबर गेलेल्या चांद्रगाडीच्या रचनेत मोठा वाटा होता. तिच्या चाकांत हवा नव्हती, रबरही नव्हते. पोलादी तारांची जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या बाणाकृती पट्ट्या होत्या. लवचीक अंग आणि बाणासारखे दात, म्हणजे तत्त्व आपल्या ट्रॅक्टरच्या टायरचेच.

झीज कुठे होते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ओढ देणारे चाक नेहमी थोडे घसरते. चाक फिरून १०० मीटर जायला हवे तिथे ते ९० मीटर जाते. उरलेले १० मीटर घासण्यात जातात. ही घसर पूर्ण टाळता येत नाही, कारण थोडे घसरल्याशिवाय जमीन विरोधच करत नाही. शेतकामात साधारण ८ ते १५ टक्के घसर योग्य मानतात.

घासण्यात कोण झिजेल, हे कोण दुबळे आहे यावर ठरते. जमीन मऊ असेल तर माती फाटते, जमीन कठीण असेल तर रबर फाटते. शेतात दहा टक्के घसर झाली तर मातीचे कण सरकतात, टायरला फारसे काही होत नाही. खडीवर तेवढीच घसर झाली तर आपल्या बेसाल्ट खडकाच्या धारदार कडा रबराचे तुकडे काढतात. डांबरावर आणखी एक गोष्ट घडते. दात जमिनीत शिरू शकत नाहीत, म्हणून सगळा भार फक्त दातांच्या माथ्यांवर येतो. प्रत्येक दात टेकताना वाकतो, सुटताना झटक्याने सरळ होतो आणि घासतो. वाकण्या-सुटण्यात उष्णता तयार होते आणि तापलेले रबर लवकर झिजते.

म्हणजे शेतासाठी घेतलेला टायर रस्त्यावर संपतो. ऊस घेऊन कारखान्यापर्यंत रोज खेपा करणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरचे आयुष्य शेतकामाने नव्हे, तर या खेपांनी ठरते.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या जीप आणि ट्रॅक्टरमध्ये झिजेचे एक वेगळे कारण असते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. साध्या रचनेच्या वाहनात पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडले की दोघांना सारखेच फिरावे लागते. हा फरक मऊ जमिनीत थोड्या घसरीने भरून निघतो, डांबरावर तो रबर घासून भरून निघतो. म्हणून कठीण रस्त्यावर आले की पुढची ओढ काढून टाकायची असते.

झिजलेला टायर काय सांगतो?

टायर हे वाहनाच्या आरोग्याचे पुस्तक आहे. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी होती किंवा भार जास्त होता. पुढच्या चाकाची एकच कड झिजली असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे. दोन्ही चाके किंचित वेगवेगळ्या दिशांना तोंड करून पळत आहेत. ठिकठिकाणी तुकडे उडाले असतील तर ती खडीवरच्या घसरीची खूण. कडेच्या भिंतीवर बारीक भेगा असतील तर तो उन्हाचा, वयाचा किंवा कमी हवेत पळवल्याचा परिणाम.

मग हवा किती ठेवावी? शेतात कमी, रस्त्यावर जास्त, हे खरे उत्तर आहे. पण रोज हवा कमी-जास्त करणे कोणाला जमणार? त्यामुळे बरेच जण रस्त्याच्या हिशेबाने कायम घट्ट हवा ठेवतात आणि शेतात माती दाबतात, चाक रुतवतात. याउलट कमी हवेवर भरधाव रस्त्याने जाणे तर धोक्याचे आहे. टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते, तापते, आतले धाग्यांचे थर सुटतात आणि टायर फुटू शकतो. वाळूतून निघण्यासाठी हवा सोडली असेल, तर रस्त्यावर येताच ती परत भरलीच पाहिजे. किमान एवढे तरी करावे: नांगरणी-पेरणीच्या हंगामात एक दाब आणि वाहतुकीच्या हंगामात दुसरा, दोन्ही टायर बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे.

काही शेतकरी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये (म्हणजे रुंदी १३.६ इंच, रिमचा व्यास २८ इंच) तीन-चतुर्थांश भागात दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढते. नांगरणीत घसर कमी होते. पण हेच वजन घेऊन हंगामभर रस्त्यावर खेपा केल्या तर डिझेलही जळते आणि टायरही झिजतो. काम संपले की पाणी काढणे हे भरण्याइतकेच महत्त्वाचे.

झीज फक्त टायरची नसते

टायर बदलता येतो, मातीचे तसे नाही. चाकाखाली मातीतली पोकळी दबते, पाणी आणि हवा आत जाण्याच्या वाटा बंद होतात. वरच्या थराचे दबणे टायरच्या दाबावर अवलंबून असते. खोल थराचे दबणे मात्र आसावरच्या एकूण भारावर अवलंबून असते. म्हणून रुंद टायर लावला की सगळे भागले असे नाही. भरलेली ट्रॉली ओल्या उसाच्या फडात गेली, तर खोल दबलेला थर नांगराच्या टप्प्यात येत नाही आणि खोडवा तिथे मार खातो.

सर्वांत जास्त दबणे पहिल्या खेपेत होते. त्याच जागेवरून पुढच्या खेपा केल्या तर होणारी वाढ कमी कमी होत जाते. म्हणून प्रत्येक वेळी नवी वाट पाडून सगळा फड तुडवण्यापेक्षा एकच वाट ठरवून तीवरूनच ये-जा करणे चांगले. या बाबतीत तरी चाकोरी न सोडणे हिताचे!

झिजलेले रबरही कुठेतरी जातेच. ते रस्त्याकडेच्या मातीत आणि नाल्यांत जाते. टायर उन्हाने व ओझोनने तडकू नये म्हणून त्यात मिसळलेल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सामन माशांना मारक ठरतो, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

आणखी एक धोका आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. ओल्या शेतातून थेट महामार्गावर आलेला ट्रॅक्टर दातांतल्या चिखलाचे पट्टे डांबरावर सोडत जातो. डांबर आणि टायर यांच्यामध्ये आलेला काळ्या मातीचा हा थर वंगणासारखे काम करतो. दुचाकीवाल्याचा टायर झिजलेला असेल, तर त्याला डांबर लागतच नाही. रस्त्यावर येण्यापूर्वी बांधावर थांबून फावड्याने दात साफ करायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणाचा तरी जीव वाचवतात.

वर्गात आणि शिवारात करून पाहा

१. ठसा मोजा. टायरच्या भोवती जमिनीवर रांगोळी किंवा पीठ भुरभुरा. वाहन हलल्यावर राहिलेल्या कोऱ्या जागेचे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावरून काढा. सायकलवर हे सहज होते. सायकल व स्वार यांचे वजन दोन्ही ठशांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेने भागा आणि येणारा दाब हवेच्या दाबाशी ताडून पाहा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही. का, याची चर्चा करा.

२. घसर मोजा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर खडूने खूण करा. औत उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा. मग नांगर लावून त्याच शेतात दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर आले तर घसर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के. हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावा. मुलांनी चाकाजवळ न जाता बाजूने फेऱ्या मोजाव्यात.

३. वाट ओळखा. ओल्या वाटेवर उमटलेल्या मागच्या चाकाच्या ठशातील बाणाचे टोक कोणत्या दिशेला आहे ते पाहा. ट्रॅक्टर कोणत्या दिशेला गेला असेल? टोक आधी टेकते आणि बाजू नंतर, हे लक्षात घेतले की उत्तर मिळते: टोक ट्रॅक्टर जिकडून आला तिकडे असते. बऱ्याच जणांचे उत्तर आधी उलटे येते.

४. वाळू आणि माती. एका परातीत कोरडी वाळू, दुसऱ्या परातीत कालवलेली काळी माती घ्या. एका चपट्या फळीच्या खालच्या बाजूला खिळ्यांची टोके थोडी बाहेर काढा, ती फळी परातीत ठेवा आणि काटा-तराजूने आडवी ओढा. फळीवर वजने वाढवत जा आणि लागणारी ओढ लिहा. मग दुप्पट मोठ्या फळीने हेच करा. कोणत्या परातीत वजनाने फरक पडतो आणि कोणत्या परातीत फळीच्या आकाराने, हे मुलांना स्वतःच्या हाताला जाणवेल.

महाभारतात कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले असे म्हटले आहे. भूमी कोणाचे चाक उगाच गिळत नाही. ती पेलू शकते तेवढा दाब तिच्यावर ठेवला तर ती चाकाला वाट देते. तो दाब किती, हे पावसाप्रमाणे, मातीप्रमाणे आणि भाराप्रमाणे बदलते, आणि ते मोजायला शाळेतली फूटपट्टी, खडू आणि एक काटा एवढे साहित्य पुरेसे आहे.